चार क्लिपा आणि एक उन्हाळा : फ्रेम पूलच्या पंपजोडांविषयी अभिप्राय

मार्चच्या अखेरीस आम्ही पुण्यात सहकारनगरमधील आमच्या जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात दहा फूट व्यासाचा, ७६ सेंटिमीटर उंचीचा आणि लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर उभा राहणारा फ्रेम पूल बसवला. हा अभिप्राय मात्र त्या तलावाविषयी नाही. तो तलाव आणि पंप यांना जोडणाऱ्या दोन पाइपांविषयी, त्या पाइपांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चार क्लिपांविषयी आणि पुढे आम्ही मध्ये बसवलेल्या दोन बॉल व्हॉल्व्हविषयी आहे. तलावाचे कापड उत्तम निघाले, सांगाडा गंजला नाही, पंप संपूर्ण उन्हाळाभर तक्रार न करता चालला, आणि तरीही आमचा एप्रिल महिना या चार क्लिपांनी खाऊन टाकला. असा तलाव घेताना सगळे जण कापडाची जाडी विचारतात, शिडी आहे का ते विचारतात; जोड कसे आहेत हे कोणी विचारत नाही, आणि मीही विचारले नव्हते.

खोक्यात तलावाबरोबर ताशी सुमारे १,२५० लिटर पाणी फिरवणारा, कागदी काडतुसाचा (म्हणजे काढून धुता येणाऱ्या गाळणीचा) छोटा फिल्टर पंप, दीड-दीड मीटर लांबीचे दोन वळीदार पाइप आणि चार क्लिपा आल्या. या प्रकारच्या तलावांत जोडांच्या दोन जाती असतात, हे मला नंतर समजले. कंपनी इंटेक्स असो वा बेस्टवे, छोट्या पंपांचे पाइप ३२ मिलिमीटरचे असतात आणि ते नुसते तोटीवर, म्हणजे तलावाच्या भिंतीतून किंवा पंपातून बाहेर आलेल्या आखूड नळीवर, चढवून क्लिपेने आवळायचे असतात. मोठ्या पंपांचे पाइप ३८ मिलिमीटरचे असतात आणि त्यांच्या टोकाला आट्यांचा मोठा नट व आत रबरी ओ-रिंग असते. आमचा तलाव पहिल्या जातीचा. आमचा तलाव कोणत्या कंपनीचा हे मी येथे मुद्दाम सांगत नाही, कारण क्लिपांचा दोष एखाद्या लॉटपुरता असू शकतो आणि बाकी मालाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

त्या क्लिपांबद्दल मात्र आहे. पातळ पट्टी, पट्टीला आरपार खाचा, चकाकणारा मुलामा आणि बोटांनी फिरवण्यासाठी स्क्रूच्या डोक्यावर प्लास्टिकचे पंख. बोटांनी आवळता येते ही सोय वाटते खरी, परंतु बोटांच्या जोराने जेवढे आवळले जाते तेवढ्यावर पाइप सुरक्षित राहत नाही, आणि पेचकस लावून आणखी आवळायला गेले की पंख तुटतो. दहा दिवसांत चारपैकी तीन स्क्रूंवर तांबूस गंज दिसू लागला. क्लोरीनच्या पाण्याचे थेंब रोज ज्यावर पडणार, त्या जागी मुलामा दिलेले लोखंड वापरणे ही काटकसर मला पटत नाही.

बाराव्या दिवशी रात्री खालच्या तोटीवरचा पाइप निघाला. सकाळी सहाला मी दार उघडले तेव्हा अंगणातील शहाबादी फरशी ओली होती, जास्वंदीच्या आळ्यात तळे साचले होते आणि तलावाचे कापड मधोमध खचून पडले होते. पाणी बरोबर तोटीच्या पातळीपर्यंत उतरले होते, त्याखाली नाही. तलावात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावते, त्यातील तीन हजार लिटर रात्रीत गेले. नंतर मी शाळेत शिकलेल्या सूत्राने हिशेब केला. पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे ४५ सेंटिमीटरवर असलेल्या ३२ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला ऐंशी लिटरच्या आसपास पाणी जाऊ शकते, आतल्या जाळीचा अडथळा धरला तर साठेक. म्हणजे दोन तासांच्या आत सगळा खेळ आटोपलेला असणार. ज्या शहरात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहील अशी सूचना वाचली की आपण बादल्या भरून ठेवतो आणि मे महिन्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत किती साठा उरला हे रोज पेपरात पाहतो, तेथे तीन हजार लिटर पाणी गटारात सोडल्याची बोचणी मला आजही आहे. शेजारच्या काकूंच्या पार्किंगमध्येही ओघळ गेला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण मी स्वतः जाऊन क्षमा मागितली.

आता कारणाकडे वळते, कारण या अभिप्रायातील सर्वांत उपयोगाची गोष्ट तीच आहे. माझी आणि घरातील सर्वांची पहिली समजूत अशी होती की पाण्याच्या दाबाने पाइप ढकलला जाऊन निघाला. तो हिशेब केल्यावर मी चकित झाले. खालच्या तोटीपाशी पाण्याची उंची जेमतेम ४५ सेंटिमीटर. ३२ मिलिमीटरच्या तोंडावर त्या उंचीने पडणारा जोर साडेतीनशे ग्रॅम वजनाइतकाच भरतो. अर्धा लिटर दुधाच्या पिशवीहूनही कमी. एवढ्या जोराने नीट बसलेला पाइप निघत नाही. पाइप निघतो तो ओढला गेल्यामुळे. दीड मीटरच्या पाइपात सव्वा लिटर पाणी असते, म्हणजे पाइपाच्या स्वतःच्या वजनाखेरीज सव्वा किलोचे ओझे. ते अधांतरी लोंबत असले तर तोटीला सतत खाली आणि तिरके ओढत राहते. त्यात तलाव भरत जातो तशी कापडाची भिंत बाहेर फुगते, तिच्यावरची तोटी दोन-तीन बोटे पुढे सरकते आणि किंचित तोंड खाली करते, त्यामुळे रिकाम्या तलावाशी सरळ जोडलेला पाइप भरलेल्या तलावाशी वाकडा होऊन बसतो. वरून एप्रिलचे पुण्याचे ऊन, ज्यात काळा-निळा प्लास्टिकचा पाइप दुपारी हाताला मऊ लागतो आणि क्लिपेखाली दबून पातळ होतो. रात्री तो गार होऊन आकसला की क्लिपेची पकड सैल पडलेली असते. पंपाची बारीक थरथर या सगळ्याला हातभार लावते. आमचा पाइप दुपारी नव्हे, रात्री निघाला याचा उलगडा मला यातून झाला.

म्हणून जोड सुरक्षित करणे म्हणजे क्लिप अधिक जोराने आवळणे नव्हे. पाइपावरचा ताण काढणे हे पहिले काम, चांगली क्लिप हे दुसरे. मी पाइपाच्या संपूर्ण लांबीखाली विटा आणि फरशीचे तुकडे रचून अशी बैठक केली की पाइप तोटीतून निघताना पहिले वीतभर अंतर अगदी सरळ रेषेत राहतो, मग सावकाश उतरतो. पंपही दोन विटांवर ठेवून त्याच उंचीला आणला. केवळ एवढ्यानेच, जुन्या क्लिपा तशाच असताना, थेंब थेंब गळणे निम्म्याने कमी झाले.

क्लिपांसाठी मी दोन पेठा फिरले. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांना तोटा नाही, पण तेथे प्रथम माझ्यापुढे आली ती पुन्हा तीच मुलाम्याची, आरपार खाचांची क्लिप. मनासारखा माल मिळाला तो नाना पेठेत, वाहनांच्या सुट्या भागांच्या एका लहानशा दुकानात, कारण रेडिएटरच्या रबरी पाइपाला लागणारी क्लिप आणि आपल्याला हवी असलेली क्लिप एकच असते. दुकानात तिला ज्युबिली क्लिप म्हणतात. हे नाव शंभर वर्षांहून जुने आहे. ब्रिटिश आरमारातील लमली रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने १९२१ मध्ये या स्क्रूच्या क्लिपेचे पेटंट घेतले आणि तिला ज्युबिली हे नाव दिले. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या क्लिपेला तेच नाव चिकटले आहे, त्यामुळे नुसती ज्युबिली क्लिप मागून भागत नाही, प्रकार सांगावा लागतो.

दुकानातील वयस्कर गृहस्थांनी गल्ल्यावरून उठून तीन प्रकारच्या क्लिपा माझ्यापुढे मांडल्या आणि न कंटाळता समजावून सांगितले, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. "ताई, पाइप रबराचा असेल तर कुठलीही चालेल, प्लास्टिकचा असेल तर ही घ्या," असे म्हणून त्यांनी ज्या क्लिपेच्या पट्टीला आरपार खाचा नव्हत्या, फक्त उठावाचे आटे होते आणि जिच्या कडा किंचित बाहेर वळवलेल्या होत्या, ती हातात दिली. फरक साधा आहे: आरपार खाचांच्या पट्टीत मऊ प्लास्टिक खाचेतून वर फुगते आणि आवळताना खाचेच्या धारेने कापले जाते, उठावाच्या पट्टीची आतली बाजू गुळगुळीत असते, ती दाबते, पण कापत नाही. आमच्या जुन्या क्लिपा काढल्या तेव्हा पाइपावर खिसणीसारखे उमटलेले ठसे मी पाहिले होते, त्यामुळे त्यांचे म्हणणे लगेच पटले.

माप घेताना पाइपाचा आतला नव्हे, बाहेरचा व्यास धरावा. ३२ मिलिमीटरचा पाइप तोटीवर चढल्यावर बाहेरून ३७-३८ मिलिमीटर भरतो, म्हणून ३२ ते ५० या पल्ल्याची क्लिप घेतली. २५ ते ४० च्या पल्ल्याचीही कशीबशी बसते, परंतु ती जवळजवळ पूर्ण उघडलेल्या अवस्थेत पकडते आणि सरकवून बसवताना त्रास होतो. धातू ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील असावे, आणि पट्टीइतकाच स्क्रूही स्टेनलेसचा आहे ना ते पाहावे. अनेक क्लिपांत पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू मुलाम्याचा असतो; मी घरातील फ्रिजवरचे लोहचुंबक पिशवीत घेऊन गेले होते, ते स्क्रूला घट्ट चिकटले की ती क्लिप बाजूला. चुंबक चिकटले नाही म्हणजे माल ३०४ चाच आहे असे सिद्ध होत नाही, कारण हलक्या दर्जाच्या काही स्टेनलेसलाही ते चिकटत नाही. पण साधे लोखंड तरी त्यातून ओळखू येते. तलावात मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र लावणार असाल तर ३१६ दर्जा शोधावा. साध्या क्लोरीनला ३०४ पुरते. अशा आठ क्लिपा मी घेतल्या, एकेक साठ रुपयांना पडली, आणि जून उजाडेपर्यंत त्यांतील एकीवरही गंजाचा ठिपका आला नाही.

बसवण्याची रीत मी तीनदा चुकून शिकले, म्हणून ती सविस्तर सांगते. पाइपाचे टोक आधी दोन मिनिटे गरम पाण्यात बुडवावे. चहाच्या पाण्याइतके उकळते नको, हात भाजणार नाही एवढे पुरे. मऊ झालेला पाइप तोटीवर फिरवत फिरवत शेवटच्या कडेपर्यंत ढकलावा. सहज जावा म्हणून तेल किंवा व्हॅसलीन लावण्याचा मोह टाळावा, कारण जे आत जाताना घसरते ते बाहेर येतानाही घसरते, शिवाय अशा तेलकट पदार्थाने बरीच रबरे फुगून खराब होतात; फारच अडले तर पाण्याचा हात पुरतो. क्लिप पाइपावर आधीच चढवून ठेवावी, हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण घाईत ती राहते. तोटीच्या बाहेरून एक उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या पलीकडे, म्हणजे तलावाच्या अथवा पंपाच्या बाजूला बसली पाहिजे, म्हणजे पाइप सुटायला निघाला तरी उंचवटा ओलांडून क्लिपेला बाहेर येता येत नाही. आमच्या पहिल्या जोडणीत क्लिप उंचवट्याच्या अलीकडे, पाइपाच्या टोकापासून दूर बसली होती. ती कितीही आवळली असती तरी उपयोग नव्हता.

प्रत्येक तोटीवर दोन क्लिपा बसतील एवढी जागा असेल तरच दोन बसवाव्यात आणि त्यांचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना ठेवावेत. एकच क्लिप स्क्रूच्या जागी थोडी सपाट राहते, तेथून एखादा थेंब येतो. दुसरी ती जागा झाकते. जागा नसताना दोन कोंबल्या तर दुसरी तोटीच्या टोकाबाहेर जाऊन नुसत्या पाइपाला चेपते आणि पाण्याची वाट अडवते. आमच्या पंपाकडच्या तोट्या आखूड आहेत, तेथे एकेकच लावली. आवळताना पाना नव्हे, साधा पेचकस वापरावा आणि हात थांबवावा तेव्हा पट्टीच्या कडेला पाइप किंचित उठलेला दिसावा. त्यापुढे अर्धा फेराही जास्त होतो, कारण क्लिपेखालची तोटी प्लास्टिकची आहे आणि तिला तडा गेला की क्लिपेचा प्रश्न राहत नाही, भिंतीवरची संपूर्ण जोडणी बदलावी लागते. हे सगळे सकाळी गारव्यात करावे, तलाव भरावा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रत्येक स्क्रू पाव फेरा तपासावा. प्लास्टिक पहिल्या चोवीस तासांत दबून घेते. नंतर आठवड्यातून एकदा पाहिले तरी चालते.

आमच्या घरी गेली अनेक वर्षे नळकाम करणारे मामा या प्रकरणात उत्साहाने उतरले. त्यांचा पहिला उपाय फसला. बत्तीस मिलिमीटर म्हणजे सवा इंच हे गणित बरोबर असले तरी त्यांनी आणलेला सवा इंची निपल (दोन पाइप जोडणारा आखूड तुकडा) आमच्या पाइपात शिरेना. घरातील नळकामाचा सवा इंची पीव्हीसी पाइप बाहेरून ४२ मिलिमीटर असतो, कारण तेथे इंचांतले माप हे नुसते नाव असते. शेतीच्या पीव्हीसी पाइपाचे माप मात्र बाहेरच्या व्यासावर धरतात, त्यामुळे शेतीचा ३२ चा पाइप बाहेरून बरोबर ३२ भरतो आणि आपल्या पंपाच्या पाइपात चपखल जातो. ज्यांना पाइप वाढवायचा आहे किंवा मध्ये काही बसवायचे आहे त्यांनी शेतीच्या साहित्याच्या दुकानातून ३२ चा तुकडा मागावा, प्लंबिंगच्या दुकानातून सवा इंची नव्हे. या एका गोंधळात आमचे दोन रविवार गेले.

मामांचा दुसरा विचार, वळीदार पाइप काढून टाकून पाणी उपसण्याच्या मोटारीचा हिरवा सक्शन पाइप लावावा, हा आम्ही करून पाहिला आणि सोडून दिला. तो पाइप दणकट असतो, उन्हाने मऊ पडत नाही, परंतु त्याच्या अंगात कडक प्लास्टिकचा वेटोळा असतो; क्लिप वेटोळ्यावर अडते आणि मधल्या मऊ भागावर पोचत नाही, त्यामुळे पाणी वेटोळ्याच्या बाजूने वाट काढते. तोटीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटे रुंद तुकडा चढवून त्यावर पाइप घातला तेव्हा गळती थांबली, तरी रोज उघडझाप करण्याच्या जागी ही व्यवस्था मला समाधानकारक वाटली नाही. ट्यूबचा तुकडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. मूळ पाइपाचे तोंड सैल झाले असेल तर तोच तुकडा त्याखालीही चालतो.

त्यांचा तिसरा उपाय सर्वांत चांगला निघाला आणि तो आजही जागेवर आहे. छोट्या तलावांच्या तोटीला बंद करण्याची सोय नसते. काडतूस धुवायचे असेल तर आतून पाण्यात हात घालून काळी बुचे बसवावी लागतात, आणि एक बूच नीट बसले नाही की पंप उघडताच अंगणात धार लागते. मामांनी शेतीच्या ३२ च्या दोन बॉल व्हॉल्व्हना दोन्ही बाजूंनी वीतभर पाइपाचे तुकडे सोल्यूशनने चिकटवले आणि असा एकेक व्हॉल्व्ह तलाव व पंपाच्या पाइपामध्ये बसवला. मूळ वळीदार पाइप कापायचा नव्हता, कारण त्याची फक्त टोके गुळगुळीत असतात आणि मध्ये कापला तर क्लिपेला बसायला जागाच उरत नाही. म्हणून तोटी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ३२ च्या पारदर्शक, नितळ पाइपाचा फूटभर तुकडा घातला. क्लिपा चाराच्या आठ झाल्या, म्हणजे जोड वाढले आणि तपासणीही वाढली. व्हॉल्व्हचे वजन तोटीवर येऊ नये म्हणून त्याखाली स्वतंत्र वीट ठेवावी लागली. तरीही आता रात्री झोपताना दोन दांडे आडवे केले की पंपाकडचा कोणताही पाइप निघाला तरी तलाव रिकामा होत नाही. ही शांतता मला त्या साडेचारशे-पाचशे रुपयांच्या साहित्यापेक्षा पुष्कळ मोलाची वाटते. पंप सुरू करण्यापूर्वी दोन्ही दांडे सरळ आहेत ना ते मात्र न चुकता पाहावे. बंद व्हॉल्व्हवर पंप चालवला तर तो कोरडा घरघरतो आणि तापतो.

पारदर्शक तुकड्याचा एक लाभ आम्ही योजला नव्हता. गळती पंप चालू असताना होते की बंद असताना, यावरून जोड ओळखता येतो. पंपाकडून तलावात परतणाऱ्या पाण्याच्या पाइपावर पंप चालू असताना दाब वाढतो, म्हणून तेथील सैल जोड पंप चालू झाला की जास्त टिपकतो. तलावातून पंपाकडे जाणाऱ्या पाइपावर याच्या उलट घडते: पंप ओढत असताना, विशेषतः आतली जाळी पानांनी किंवा केसांनी अर्धी बुजली असेल तर, सैल जोडातून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि पंप बंद केल्यावर तोच जोड टिपकू लागतो. परतीच्या तोंडातून बुडबुडे येत असतील आणि सगळे जोड कोरडे दिसत असतील तर शंका ओढीच्या पाइपावर घ्यावी. आमच्या पारदर्शक तुकड्यात बुडबुड्यांची माळ सरळ डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती जाळीकडून येते की क्लिपेकडून हे शोधायला क्षणही लागत नाही. पंपाच्या डोक्यावरचा हवा सोडण्याचा स्क्रू जोडणीनंतर प्रत्येक वेळी उघडून, पाणी दिसेपर्यंत हवा जाऊ द्यावी. हा पंप पाण्याच्या पातळीखालीच ठेवायचा असतो, स्वतः पाणी वर खेचून घेण्याची त्याची ताकद नाही.

दुसऱ्या जातीचा जोड मी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, कोथरूडला पाहिला. तिचा तलाव पंधरा फुटी, पाइप ३८ चे आणि भिंतीजवळ दट्ट्याचे व्हॉल्व्ह. दट्ट्या वर ओढला की पाणी सुरू, खाली दाबला की बंद. येथे क्लिप नाही, नट आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर हा जोड आमच्या जोडापेक्षा सरस आहे. तिच्याकडेही सुरुवातीला गळत होते आणि त्यावर कोणीतरी टेफलॉन टेपचे दहा-बारा वेढे दिले होते. ते काढून टाकल्यावर गळती थांबली. नळाच्या निमुळत्या आट्यांना टेप लागतो कारण तेथे आटेच पाणी अडवतात. या नटात पाणी अडवण्याचे काम ओ-रिंग करते, आटे फक्त तिला दाबून धरतात, आणि टेपच्या जाड थरामुळे नट पूर्ण बसतच नव्हता. ओ-रिंग काढून पुसली, तिच्या खोबणीतील रेतीचे दोन कण काढले, सिलिकॉनचे ग्रीस बोटाने पुसटसे लावले, नट आधी उलटा फिरवून आटे जुळल्याची टिचकी ऐकली आणि मग फक्त हाताने घट्ट केला. पाना लावण्याची गरज पडली नाही. आमच्या छोट्या तलावाला हीच व्यवस्था करता येईल का याची मी चौकशी केली, पण त्यासाठी कापडातील भोक मोठे करावे लागते, आणि चांगल्या कापडाला सुरी लावण्याचे धाडस मी करणार नाही. नवा तलाव घेणाऱ्याला परवडत असेल तर त्याने नटाच्या जोडाचा घ्यावा.

विजेबद्दल थोडे लिहिणे मी कर्तव्य मानते. गळणारा जोड आणि विजेचा पंप एकाच अंगणात असताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवरूनच पंप चालवावा, प्लग आणि सॉकेट जमिनीवर ठेवू नये, आणि मुले पाण्यात असताना पंप बंद करून प्लगही काढावा. आमच्याकडे पंप सकाळी मुले उठण्यापूर्वी आणि रात्री जेवणानंतर चालतो. एका शेजाऱ्यांनी असाच तलाव गच्चीवर ठेवून पंप खालच्या मजल्यावर ठेवता येईल का असे विचारले. मी त्यांना थांबवले. ६८ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ६८० किलो, आणि वावरण्याच्या गच्चीसाठी आपल्या बांधकाम मानकात धरलेला वापराचा भार त्याच्या पाव भागाहूनही कमी, दीडशे किलोच्या आसपास असतो. अभियंत्याला विचारल्याशिवाय तो विचारही करू नये.

गुण द्यायचे तर खोक्यातील मूळ क्लिपांना मी पाचपैकी एक देईन, मूळ पाइपांना तीन, नाना पेठेतील उठावाच्या पट्टीच्या क्लिपांना साडेचार, आणि मामांच्या बॉल व्हॉल्व्हच्या जोडणीला चार; एक गुण वाढलेल्या जोडांचा कापला. दुकानाला पूर्ण पाच.

जूनच्या पहिल्या पावसानंतर आम्ही तलाव उतरवला. दहा दिवस आधी क्लोरीन टाकणे बंद केले होते, त्यामुळे उरलेले पाणी बॉल व्हॉल्व्हला बागेचा पाइप लावून आंबा, जास्वंद आणि सोनचाफ्याला हळूहळू देता आले. एक दिवस शेजारच्या काकूंच्या कुंड्यांनाही गेले. पाइप पेचकसाने उचकटून काढले नाहीत, पुन्हा गरम पाण्याचा हात देऊन फिरवत काढले, सावलीत वाळवले आणि मोठ्या वर्तुळात गुंडाळले, म्हणजे पुढच्या वर्षी टोकांना पीळ राहणार नाही. क्लिपा गोड्या पाण्याने धुऊन, स्क्रू पूर्ण सैल करून एका डब्यात ठेवल्या आहेत आणि डब्यात चुंबकही टाकले आहे. पारदर्शक तुकडे उन्हाने थोडे पिवळट झाले आहेत. ते मार्चमध्ये नवे घ्यावे लागतील.